बालू आणि त्याचे नऊ भाऊ

खिशातील कोणतीही नोट घ्यावी आणि उलटी करून पाहावी. मागील बाजूस एका चौकटीत त्या नोटेचे मूल्य १५ भाषांमध्ये एकाखाली एक छापलेले दिसते. दर्शनी बाजूस हिंदी व इंग्रजी असतातच. म्हणजे एकूण भाषा १७. भाषा १७ असल्या तरी लिप्या मात्र ११च. मराठी, कोकणी, संस्कृत, नेपाळी आणि हिंदी या पाचही जणी देवनागरीत नांदतात. आसामी व बंगाली यांची लिपी थोड्या फरकाने एकच. काश्मिरी व उर्दू या दोघी अरबी-फारसी वळणाच्या. रोजच्या गर्दीत नोटा मोजणाऱ्या रोखपालाचे लक्ष आकड्याकडे असते, या चौकटीकडे नसते, आणि ते योग्यच आहे. परंतु ज्यांना अक्षरांचे वेड आहे त्यांना ही चौकट एक जुनाच प्रश्न विचारीत असते. इतक्या निरनिराळ्या अंगलोटीच्या लिप्या एकाच आवाजात बोलू शकतील काय?

या प्रश्नाचे एक गमतीदार उत्तर मुंबईत तयार झाले आहे. ‘एक टाइप’ या नावाने काम करणाऱ्या अक्षररचनाकारांच्या गटाने २०१५-१६च्या सुमारास ‘बालू’ नावाचा फाँट प्रसिद्ध केला. जाड, गुबगुबीत, टोके गोलावलेला, चेहऱ्यावर किंचित खट्याळ भाव असलेला असा हा फाँट आहे. मोठ्या मथळ्यांसाठी, फलकांसाठी, वेष्टनांवरील नावांसाठी तो घडविलेला आहे. सलग मजकुरासाठी नव्हे. ज्यांनी नाव ऐकले नसेल त्यांनीही तो पाहिला असण्याचा संभव पुष्कळ आहे, कारण तो विनामूल्य मिळतो आणि मोठ्या अक्षरांत काही आनंदाचे सांगायचे असले की मांडणीकाराचा हात सहज त्याच्याकडे जातो.

या फाँटची खरी नवलाई अशी की तो एकटा नाही. देवनागरीचा तो ‘बालू’. गुजरातीचा ‘बालू भाई’. गुरुमुखीचा ‘बालू पाजी’. बंगालीचा ‘बालू दा’. ओडियाचा ‘बालू भाइना’. तमिळचा ‘बालू तंबी’. तेलुगूचा ‘बालू तम्मुडु’. कन्नडचा ‘बालू तम्मा’. मल्याळमचा ‘बालू चेट्टन’. आणि उर्दूचा ‘बालू भाईजान’. भाइना आणि चेट्टन म्हणजे थोरला भाऊ, तंबी, तम्मुडु आणि तम्मा म्हणजे धाकटा. प्रत्येक फाँटमध्ये आपापल्या लिपीच्या जोडीला रोमन अक्षरेही आहेत. नोटेवरील लिप्यांची यादी समोर ठेवून ताडून पाहावे. एकही लिपी सुटलेली नाही. एवढ्या साऱ्या भावांत देवनागरीच्या वाट्याला मात्र नुसतेच ‘बालू’ आले आहे. ‘बालू भाऊ’ किंवा ‘बालू दादा’ असते तर मराठी माणसाला अधिक बरे वाटले असते. परंतु देवनागरी ही अनेक भाषांची लिपी, तेव्हा कोणाचा ‘भाऊ’ आणि कोणाचा ‘भैया’ हा वाद टळला हेही काही कमी नाही.

नाव अर्थातच ‘द जंगल बुक’मधील अस्वलाचे. रुडयार्ड किपलिंग यांचे हे पुस्तक १८९४ साली प्रसिद्ध झाले. किपलिंग यांचा जन्म ३० डिसेंबर १८६५ रोजी मुंबईत, सर जे. जे. कला विद्यालयाच्या आवारात झाला. त्यांचे वडील लॉकवुड किपलिंग तेथे अध्यापक होते. पुस्तकातील बालू हा लांडग्यांच्या पिलांना जंगलाचा कायदा शिकविणारा पोक्त गुरू आहे. १९६७च्या डिस्ने चित्रपटात त्याचा बेफिकीर, लोळणारा, नाचणारा मित्र झाला. फाँटकडे पाहिले तर तो या दुसऱ्या बालूच्या अधिक जवळचा वाटतो. मात्र त्याच्या घडणीत पहिल्या बालूची शिस्त पुरेपूर आहे, आणि ती कोठे आहे हे पाहण्यासारखे आहे.

जाडी कोठे ठेवावी?

एखादे अक्षर जाड करणे म्हणजे त्याच्या रेषा रुंद करणे, एवढे सोपे ते वाटते. रोमन लिपीत ते बऱ्याच अंशी सोपे आहेही. इंग्रजी ‘ओ’ जाड करावयाचा तर बाहेरचे वर्तुळ थोडे फुगवावे, आतले थोडे आकुंचित करावे, काम झाले. देवनागरीत तसे होत नाही. आपल्या अक्षरांना वरून शिरोरेखेने बांधलेले असते, बहुतेकांना उजवीकडे दंड असतो, आणि या दोहोंच्या कोपऱ्यात उरलेल्या जागेत अक्षराचे खरे शरीर बसवावयाचे असते. ‘ह’ पाहावा. त्यात एकाखाली एक अशी वळणे आहेत आणि त्यांच्यामधल्या पोकळ्यांवरच त्याची ओळख अवलंबून आहे. रेषा दुप्पट जाड केल्या की पोकळ्या बुजतात आणि ‘ह’चा काळा गोळा होतो. ‘झ’, ‘छ’, ‘क्ष’, ‘ज्ञ’ यांची हीच कथा. ‘ष्ट्र’, ‘द्ध’, ‘ङ्ग’ या जोडाक्षरांविषयी तर बोलावयासच नको.

अक्षर रुंद करता येते, परंतु उंच करता येत नाही. कारण शिरोरेखेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार यांचा मुक्काम असतो आणि खाली उकार, ऋकार वाट पाहत असतात. वरच्या मजल्यावरची मंडळीही जाड व्हावयास हवीत, नाहीतर पैलवानाच्या डोक्यावर लहान मुलाची टोपी घातल्यासारखे दिसते. ‘र्कीं’ अशा एका आकारात वेलांटी, रफार आणि अनुस्वार तिघेही एकाच ठिकाणी गर्दी करतात. येथे अनुस्वाराचा गोल टपोरा ठेवला तर तो रफारात मिसळतो, बारीक ठेवला तर दुरून दिसत नाही.

तेव्हा अक्षररचनाकार काय करतो? तो डोळ्याला फसवितो. रेषा सर्वत्र सारखी जाड आहे असे वाचकाला वाटले पाहिजे, परंतु प्रत्यक्षात ती तशी नसते. जेथे दोन रेषा मिळतात तेथे तो हळूच रेषा कृश करतो, म्हणजे सांध्यात काळोख साचत नाही. आडवी रेषा उभीपेक्षा थोडी बारीक ठेवतो, कारण सारख्याच जाडीची आडवी रेषा डोळ्याला अधिक जाड दिसते. शिरोरेखा दंडाइतकी जाड ठेवली तर सबंध शब्द छपराखाली दबल्यासारखा वाटतो; म्हणून तिचे वजन उतरवतो. ही सारी काटछाट इतकी बेमालूम असावी लागते की बघणाऱ्याला केवळ एक सुखवस्तू, गोलमटोल अक्षर दिसावे. बालूमध्ये आणखी एक युक्ती आहे. वाटोळी रेषा दंडाला मिळते तेथे नेहमीच्या फाँटांत एक लहानसे टोक किंवा खोच राहते. बालूत ती काढून टाकली आहे आणि रेषा दंडातून सलग वळून बाहेर पडते. त्यामुळे जाडी असूनही बोजडपणा जाणवत नाही.

याच गटाचा ‘मोदक’ नावाचा आणखी एक फाँट आहे आणि तो या प्रयोगाचे टोक म्हणावा असा आहे. सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांनी तो रचिला. एका अक्षरात जास्तीत जास्त किती काळेपणा मावू शकतो, हा त्यामागचा प्रश्न. मोदकमध्ये अक्षराच्या आतील पोकळ्या जवळजवळ नाहीशा होऊन केवळ पांढऱ्या बारीक चिरा उरल्या आहेत, आणि त्या चिरांवरूनच अक्षर वाचावयाचे. नाव किती समर्पक आहे ते कोणा मराठी माणसाला सांगावयास नको. मोदकाच्या पाकळ्यांमधल्या चुण्याच जणू. मोदक एखाद्या शब्दापुरता गोड लागतो. बालू त्यापेक्षा संयमी आहे. तो वाचनीयतेची रेषा ओलांडीत नाही, म्हणून दैनंदिन वापरात तो अधिक रुळला.

दहा अंगलोटी, एक स्वभाव

देवनागरीचे हे झाले. परंतु प्रत्येक लिपीची तक्रार वेगळी आहे. ओडिया लिपीत बहुतेक अक्षरांना वर मोठी कमान असते, आणि एक अक्षर दुसऱ्यापासून वेगळे ठरते ते त्या कमानीखालच्या लहानशा जागेत. कमान जाड केली की नेमकी ओळखीचीच जागा आक्रसते. तमिळमध्ये जोडाक्षरे फारशी नाहीत, परंतु अक्षरे ऐसपैस आणि शब्द लांब; तेथे प्रश्न उंचीचा नसून रुंदीचा. मल्याळम तर मुळातच वर्तुळांची लिपी, तिला गोलाई निराळी शिकवावी लागत नाही. उलट एवढ्या वर्तुळांतून प्रत्येकाचे वेगळेपण राखावे लागते. तेलुगू आणि कन्नड या सख्ख्या बहिणी. दोघींच्या अक्षरांच्या माथ्यावर छोटी खूण असते, परंतु तिचे वळण निराळे. त्यांना एकच साचा लावला असता तर दोन्ही भाषकांना ते परके वाटले असते. म्हणून तम्मा आणि तम्मुडु हे वेगवेगळे. गुजरातीला शिरोरेखा नाही, तेव्हा तिची अक्षरे मोकळी उभी राहतात आणि त्यांना एकत्र बांधावयास दुसरे काही शोधावे लागते. उर्दूचा वाचक नस्तालीक या उतरत्या, लयदार वळणाला सरावलेला असतो. बालू भाईजान मात्र नस्ख या आडव्या रेषेवर चालणाऱ्या वळणाच्या अंगाने गेला आहे. काही उर्दूप्रेमींना ही तडजोड खटकेल, आणि त्यांचे खटकणे मी चूक म्हणणार नाही. परंतु दहा भावांना एका ओळीत उभे करावयाचे तर एखाद्याने थोडे मागेपुढे सरकावे लागते.

या साऱ्यांत समान काय? आकार समान नाही. समान आहे ते वजन, टोकांची गोलाई आणि वागण्यातील मोकळेपणा. भावंडांचे नाकडोळे सारखे नसतात, परंतु हसण्याची ढब एक असते. एका रचनाकाराच्या आवाक्यातील हे काम नव्हे, म्हणून निरनिराळ्या लिप्यांवर निरनिराळ्या व्यक्तींनी काम केले आहे. सारंग कुलकर्णी, नूपुर दाते आणि मुंबईच्या आय. आय. टी.मधील आय. डी. सी. या अभिकल्प संस्थेत अध्यापन करणारे गिरीश दळवी ही ‘एक टाइप’शी निगडित नावे. याच आय. डी. सी.मध्ये पूर्वी र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनी अध्यापन केले होते. विंडोज संगणकांवर वर्षानुवर्षे आपण ज्या ‘मंगल’ फाँटमध्ये हिंदी-मराठी पत्रे लिहिली, तो जोशी यांचाच. मंगल हा कार्यालयीन शिस्तीचा. बालू हा त्याच परंपरेतील, परंतु शाळा सुटल्यावर घंटेबरोबर बाहेर धावलेला.

हाताने केलेल्या अक्षरांत हा खेळकरपणा मराठीला नवा नाही. कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी मराठी नाटकांची जी शीर्षके घडविली, त्यांत गंभीर नाटकाचे अक्षर गंभीर आणि फार्सचे अक्षर कोलांट्या मारणारे असे. वर्तमानपत्रातील नाटकांच्या जाहिराती पाहून, नाटक कोणत्या जातीचे आहे हे शब्द वाचण्यापूर्वीच कळे. गावोगावच्या पेंटरमंडळींनीही दुकानांच्या पाट्यांवर गोल कुंचल्याने असलीच टपोरी अक्षरे रंगविली. परंतु हाताने काढलेले शीर्षक त्या एका शब्दापुरते असते. फाँटचे तसे नाही. त्यात कोणत्याही अक्षरानंतर कोणतेही अक्षर येऊ शकते आणि आलेले प्रत्येक जोडाक्षर आधीच तयार ठेवावे लागते. देवनागरीला युनिकोडने १२८ जागांचा एक कप्पा दिला आहे, परंतु चांगल्या फाँटमध्ये अर्धी अक्षरे, जोडाक्षरे आणि वेलांट्यांची निरनिराळी रूपे धरून शेकडो आकार काढावे लागतात. शिरोरेखेखाली मावतील, एकमेकांशी भांडणार नाहीत आणि तरीही हसरे दिसतील असे शेकडो आकार. त्यास दहाने गुणावे.

गोल टोकांची जाड अक्षरे पाश्चात्त्य देशांतही आहेत आणि त्यांतील एकीची हकीगत बँकेच्या लोकांना आपलीशी वाटेल. फोक्सवॅगन आणि आउडी या दोन मोटारकंपन्यांची विक्रीयंत्रणा एकत्र झाली, तेव्हा दोघींची अक्षरवळणे वेगळी होती. एकीचे वळण घेतले तर दुसरी रुसणार. म्हणून १९७९ साली दोहोंपेक्षा निराळा, गोल टोकांचा ‘व्ही. ए. जी. राउंडेड’ हा फाँट घडविला गेला. पुढे अनेक वर्षे ॲपलच्या संगणकांच्या कळांवरही हीच अक्षरे होती. आपल्याकडे १ एप्रिल २०२० रोजी सार्वजनिक क्षेत्रातील १० बँकांच्या ४ बँका झाल्या, त्या वेळी कोणाचा रंग, कोणाचे चिन्ह आणि कोणाचे अक्षर, हा विषय किती नाजूक असतो याचा अनुभव अनेकांनी घेतलाच आहे.

फलकावरील समता

आता आपल्या दारातील गोष्ट. राष्ट्रीयीकृत बँकेच्या शाखेवरील फलक त्रैभाषिक असतो : आधी त्या प्रदेशाची भाषा, मग हिंदी, मग इंग्रजी. तिन्ही भाषांतील अक्षरे सारख्या आकाराची असावीत असा राजभाषाविषयक दंडक आहे. दंडक योग्यच आहे. परंतु अक्षरांचा आकार पट्टीने मोजला की समता आली असे मात्र होत नाही. संगणकावर तिन्ही ओळींना एकच माप दिले तर रोमन मोठी अक्षरे अंगाने भरलेली दिसतात आणि देवनागरी, वरखालच्या मात्रांना जागा द्यावयाची असल्याने, मध्यभागी लहान पडते. त्यातही इंग्रजीसाठी एखादा निवडक, रुबाबदार जाड फाँट वापरलेला असतो. हिंदीसाठी संगणकात जो आयता सापडला तो. आणि प्रादेशिक भाषेसाठी, विशेषतः ती कन्नड, ओडिया वा मल्याळम असेल तर, जे काही मिळेल ते यंत्राने फुगवून जाड केलेले. दुरून पाहणाऱ्याला फलक वाचता येतोच. पण त्याला हेही कळते की या घरात कोणाला पाटावर बसविले आहे आणि कोणाला ओसरीवर. ज्या ग्राहकाला फक्त ती पहिलीच ओळ वाचता येते, त्याच्या बाबतीत ही गोष्ट केवळ सौंदर्याची राहत नाही.

ठळक, शोभेच्या अक्षरांच्या बाबतीत भारतीय लिप्यांची उपासमार फार जुनी आहे. पुस्तकाच्या मजकुरासाठी चांगले खिळे आपल्याकडे होते; परंतु आरोळी ठोकणाऱ्या, हसणाऱ्या, हाक मारणाऱ्या अक्षरांची जात विरळ. संगणक आल्यावरही इंग्रजीला हजारो फाँट आणि ओडियाला मोजके, ही स्थिती होती. बालूच्या कुटुंबाने दहा लिप्यांना एकाच दिवशी जेवावयास बसविले, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. बेंगळुरूच्या शाखेत बालकांच्या बचत खात्याचे भित्तिपत्रक करावयाचे असेल तर कन्नड ओळ तम्मामध्ये, हिंदी ओळ बालूमध्ये आणि इंग्रजी ओळ दोहोंपैकी कशातही. तिन्ही ओळी एका घरातल्या दिसतात.

आणि हे सारे विनामूल्य आहे. बालू मुक्त फाँट परवान्याखाली प्रसिद्ध झाला असून गूगल फाँट्सच्या संग्रहातून कोणालाही उतरवून घेता येतो. छापील वा व्यापारी कामासाठीही वेगळी रक्कम द्यावी लागत नाही. त्यात फेरफार करण्याचीही मुभा आहे. नुसता फाँट सुटा विकण्यास मनाई. तालुक्याच्या गावातील छापखानेवाल्याने चोरीचा फाँट वापरण्याचे कारण त्यामुळे उरलेले नाही. बालू सुरुवातीस एकाच जाडीत होता. २०१९ साली ‘बालू २’ आला आणि त्यात साध्यापासून अतिजाडपर्यंत पाच वजने मिळू लागली. त्यामुळे मथळा आणि त्याखालची उपओळ एकाच कुळातील ठेवता येते.

बँकेच्या माणसाने या संदर्भात ₹ या चिन्हाकडे लक्ष द्यावे. डी. उदय कुमार यांनी रचिलेले हे चिन्ह केंद्रीय मंत्रिमंडळाने १५ जुलै २०१० रोजी स्वीकारले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये युनिकोडमध्ये त्याला स्थान मिळाले. देवनागरी ‘र’ आणि दंड नसलेला रोमन ‘आर’ यांचा तो संगम. वर दोन आडव्या रेषा. बारीक फाँटमध्ये ते डौलदार दिसते. जाड फाँटमध्ये मात्र त्या दोन रेषांमधली पांढरी फट टिकविणे हीच कसोटी असते, कारण फट बुजली की चिन्हाच्या माथ्यावर काळा पट्टा उरतो. एखादा जाड फाँट काळजीपूर्वक केला आहे की नाही हे पाहण्याचा झटपट उपाय म्हणून मी आधी ₹ टंकलिखित करून पाहतो.

कोठे वापरावा, कोठे वापरू नये

खेळकर अक्षराचा सर्वांत मोठा धोका हा की ते सर्वांना आवडते. आवडले की प्रत्येक ठिकाणी लागते. बालकांचे खाते, सुकन्या समृद्धी योजनेची माहिती, शाखेच्या वर्धापनदिनाचा फलक, ग्राहक मेळाव्याचे आमंत्रण, या ठिकाणी बालू शोभतो. परंतु थकीत कर्जासाठी २००२च्या सरफेसी कायद्याखाली मालमत्तेचा ताबा घेतल्याची जाहीर सूचना कोणी गुबगुबीत अक्षरांत छापली, तर तो त्या कर्जदाराचा उपहास ठरेल. शब्द नियमाप्रमाणे बिनचूक असतील, पण अक्षर त्याला वाकुल्या दाखवील. निधनवार्ता, दिलगिरीचे पत्र, फसवणुकीपासून सावध राहण्याचा इशारा, यांचाही सूर वेगळा. तसेच व्याजदरांचा तक्ता किंवा अटी-शर्ती जाड फाँटमध्ये लहान मापात छापू नयेत. लहान मापात ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, ‘ब’ आणि ‘व’ यांना वेगळे ठेवणारी ती एवढीशी फट शाईत भरून जाते, आणि ‘वाबळे’ यांचे ‘बावळे’ झालेले कोणाला आवडेल? अशा सलग मजकुरासाठी याच गटाचा ‘मुक्ता’ हा साधा, सोशिक फाँट आहे; तोही विनामूल्य आणि बालूशेजारी संकोच न करता बसणारा.

काही व्यावहारिक सूचना शाखांतील सहकाऱ्यांसाठी. बालू हा युनिकोड फाँट आहे. जुन्या पद्धतीच्या, म्हणजे कृतिदेव किंवा शिवाजी यांसारख्या फाँटमध्ये टंकलेला मजकूर निवडून त्याला बालू लावला तर अगम्य चिन्हे दिसू लागतील. दोष बालूचा नसून जुन्या मजकुराच्या संकेतांचा असतो. मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा किंवा इन्स्क्रिप्ट कळफलकाने नव्याने टंकावा. फ्लेक्स छापणाऱ्याच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांची सोय चालू नसेल तर जोडाक्षरे सुटी होतात, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते आणि ‘स्थिती’ची दुःस्थिती होते. यावर उपाय म्हणजे मुद्रितप्रत फाँटसह बंदिस्त केलेल्या पीडीएफ स्वरूपात द्यावी, आणि छपाईपूर्वी त्या भाषेचे वाचन असलेल्या व्यक्तीने ती पाहावी. ओडिया फलक मराठी अधिकाऱ्याने ‘ठीक दिसतो’ म्हणून मंजूर करू नये.

मराठीपुरते आणखी एक. आपला ‘ल’ पाकळीचा आणि ‘श’ देठाचा. हिंदीतील वळण वेगळे. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९च्या निर्णयाने मराठी वर्णमालेची प्रमाण रूपे ठरवून दिली आहेत. देवनागरी फाँट सर्व भाषांसाठी एकच असल्यामुळे, निवडलेल्या फाँटमध्ये मराठी वळणाची ही अक्षरे कशी उमटतात हे प्रत्येक वेळी डोळ्यांनी पाहणे इष्ट. तसेच ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले, त्यामुळे जुन्या फाँटांमध्ये ‘ॲप’ आणि ‘बॅलन्स’ शेजारी ठेवले की पहिल्याच्या जागी रिकामी चौकट दिसू शकते.

कोणताही जाड फाँट पसंत करण्यापूर्वी आमच्याकडे काही शब्द छापून भिंतीवर लावले जातात : ‘ज्येष्ठ नागरिक’, ‘राष्ट्रीयीकृत’, ‘कऱ्हाड’, ‘सुट्ट्या’, ‘उद्घाटन’, ‘ऋणमुक्ती’, आणि शेवटी ‘₹ ३,३८,६६०’. मग वीस पावले मागे जाऊन, चश्मा असल्यास काढून, ते वाचावयाचे. ‘ष्ठ’ आणि ‘ट्ट्या’ येथे बहुतेक उमेदवार गारद होतात; जे उरतात त्यांना ‘३’ आणि ‘६’ गाठतात.